नस दबली म्हणजे नक्की काय दबलं? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

गेली कित्येक वर्षं मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते आहे, आणि यावेळी बहुतेक प्रश्न नसांवरच आलेत, म्हणून एकदाच नीट बोलू.

महालातल्या एक काकू विचारतात: मांडी घालून बसली की पायाला मुंग्या येतात. शेजारीण म्हणते नस दबून राहिली, रक्त थांबते. खरं आहे का?

काकू, आपल्याकडे 'नस' म्हणून दोन वेगळ्या गोष्टींना हाक मारतात ना, सगळा घोळ तिथून सुरू होतो. रक्ताची शीर म्हणजे पाइप, आतून पोकळ. मज्जातंतू पोकळ नसतो, तो बारीक धाग्यांचा जुडगा असतो. सायटिकामुळे जिचं नाव सगळ्यांना माहीत झालं ती कंबरेतून पायात उतरणारी नस तर अंगठ्याएवढी जाड असते आणि तिच्यातल्या काही धाग्यांची पेशी पाठीच्या कण्याजवळ तर टोक पार पायाच्या बोटात, म्हणजे एकच पेशी जवळजवळ 1 मीटर लांब! तुम्ही पाय दाबून बसलात की हा जुडगा दबतो आणि त्याला स्वतःला लागणारं रक्तही कमी पडतं, त्यामुळे शेजारीण निम्मी बरोबरच आहे. सिग्नल अडले की पाय बधिर, आणि पाय मोकळा केला की धागे भानावर येताना वेडेवाकडे सिग्नल सोडतात, त्याच मुंग्या.

पण न दबता, रोज, दोन्ही तळव्यांना मुंग्या येत असतील तर शुगर आणि व्हिटॅमिन बी-12 तपासून घ्याच. बी-12 शिवाय धाग्यावरचं वेष्टण नीट राहत नाही आणि शाकाहारी घरात दूध-दही कमी झालं की ते हमखास कमी पडतं. मी हे अंगावर काढलेले लोक पाहिलेत, जीव तुटतो हो.

दहावीतला एक विद्यार्थी: नसेत करंट असतो म्हणतात, मग आपल्याला शॉक काऊन नाही लागत?

फार छान प्रश्न. नसेतली वीज वायरसारखी वाहतच नाही रे. चेतापेशीच्या, म्हणजे मज्जातंतूतल्या पेशीच्या, आवरणाला बारीक दारं असतात. आत पोटॅशियम जास्त, बाहेर सोडियम जास्त, आणि शांत असताना आतली बाजू बाहेरपेक्षा सुमारे 70 मिलीव्होल्टने ऋण. रिमोटमधला एक सेल दीड व्होल्टचा, म्हणजे हे त्याच्या विसाव्या भागाहूनही कमी. सिग्नल आला की सोडियमची दारं उघडतात, सोडियम आत घुसतं, त्या धक्क्याने शेजारची दारं उघडतात, मग त्याच्या पुढची, आणि मागे पोटॅशियम बाहेर जाऊन सगळं पूर्ववत, एका जागी हा खेळ एक-दोन मिलीसेकंदात संपतो. म्हणजे धावते ती दारं उघडण्याची लाट. हॉजकिन आणि हक्सली यांनी स्क्विड नावाच्या समुद्री प्राण्याच्या जाडजूड चेतातंतूवर प्रयोग करून 1952 साली याचं गणित मांडलं आणि 1963 ला नोबेल मिळवलं. धाग्याच्या टोकाला पुढच्या पेशीआधी फट असते, तिथे बहुतेक वेळा ही लाट थांबते आणि निरोप रसायनाच्या रूपात पलीकडे जातो. भूल देण्याची आणि मनाच्या आजारांची बरीच औषधं या फटीपाशीच काम करतात, म्हणून हा धडा पाठ करू नको, समजून घे.

धरमपेठेतून: माणूस मेंदू 10 टक्केच वापरतो ना?

नाही. सगळा वापरतो. वजनाने शरीराच्या 2 टक्के असलेला मेंदू शांत बसल्यावरही जवळपास 20 टक्के ऊर्जा खातो, पडून राहणाऱ्या मांसावर शरीर एवढा खर्च करत नाही.

इतवारीतून: सावजी रस्सा थंड झाला तरी जीभ भाजल्यासारखी का होते?

वर दारं सांगितली ना, तसलंच एक दार तापमान साधारण 43 अंशांच्या वर गेलं की उघडतं आणि मेंदूला 'भाजलं' असं कळवतं. मिरचीतलं कॅप्सेसिन नेमकं तेच दार उघडतं, त्यामुळे मेंदूला तिखट आणि भाजणं एकाच नसेतून कळतं. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने 1997 ला हे दार शोधलं, 2021 चं नोबेल त्यांना त्यासाठीच वाटून मिळालं. पाण्याने भागत नाही कारण कॅप्सेसिन पाण्यात नीट विरघळत नाही, दही किंवा दूध घ्या.

आणि मानेवाड्याहून: तव्याचा चटका बसला की हात आधी मागे येतो, दुखतं नंतर. असं कसं?

कारण हात मागे घेण्याचा हुकूम मेरुरज्जूतूनच, म्हणजे पाठीच्या कण्यातल्या मज्जातंतूंच्या दोरातूनच सुटतो, मेंदूची वाट पाहत नाही. दुखणंसुद्धा दोनदा येतं, लक्ष देऊन बघा. आधी टोचल्यासारखा चटका, तो वेष्टण असलेल्या वेगवान धाग्यांतून. मग जरा वेळाने रेंगाळणारी जळजळ, ती बिनवेष्टणाच्या धाग्यांतून सेकंदाला साधारण 1 मीटर वेगाने येते, आणि बोटापासून मानेतल्या मेरुरज्जूपर्यंत अंतरही जवळपास 1 मीटरच आहे, म्हणून ती सेकंदभर मागे राहते.