मुलाला अकरावीत सायकोसिस झाला, आता त्याच्या शिक्षणाचं काय?

ताई, तुम्ही लिहिलंय की औषधांनी मुलाचे भास थांबलेत, तरी तो पुस्तक समोर घेऊन नुसता बसून राहतो. त्याला जूनपासून बारावीला पाठवायचं की वर्ष जाऊ द्यायचं? मी डॉक्टर नाही. पण अकरावीतच मलाही सायकोसिस, म्हणजे नसलेल्या गोष्टी खऱ्या वाटायला लावणारा हा मानसिक आजार, झाला होता, म्हणून लिहितोय.

दहावीला मला ८९ टक्के होते. कोपरखैरण्याहून ठाण्याला कॉलेजला जायचो. दिवाळीनंतर लोकलच्या डब्यातली माणसं माझ्याबद्दलच बोलतायत असं वाटायला लागलं. कधी घणसोलीला, कधी रबाळ्याला उतरायचो, बाकड्यावर बसून राहायचो आणि उलट्या गाडीने घरी. कमी हजेरीवाल्यांच्या डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव लागलं तेव्हा कुठे घरच्यांना कळलं, आणि त्यांना वाटलं पोरगा वाईट संगतीला लागला.

औषधं सुरू झाल्यावर दोनेक महिन्यांत भास गेले. सगळे म्हणाले, सुटलो. आमचं चुकलं ते इथे. भास गेले तरी लक्ष लागणं, वाचलेलं डोक्यात धरून ठेवणं, विचारांचा वेग, हे परत यायला खूप जास्त वेळ लागतो. फिजिक्सचं गणित वाचताना शेवटच्या ओळीवर येईपर्यंत पहिल्या ओळीत वेग दिला होता की अंतर, तेच आठवायचं नाही. पुन्हा वरून सुरुवात. त्यात रात्रीच्या गोळीची झोप सकाळी दहापर्यंत उतरत नसे आणि कॉलेज सातचं. बाबा त्याला आळस म्हणायचे. काही करावंसंच न वाटणं हा आजाराचाच भाग असतो हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. तुमचा मुलगा नुसता बसलेला दिसतो, पण तो कदाचित तीच एक ओळ दहाव्यांदा वाचत असेल.

मला तीन महिन्यांत परत कॉलेजला धाडलं. बारावीच्या प्रिलिमआधी, अभ्यासात झोप येते म्हणून मी गुपचूप गोळ्या बंद केल्या आणि आजार उलटला. एक वर्ष वाचवायला गेलो, दोन गेली. कॉलेजने तर नाव काढून घ्यायलाच सांगितलं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: वर्ष जाऊ द्या. पण अभ्यासाशी नातं तोडू नका. आईने माझ्यासाठी एक युक्ती काढली होती. कुकर लावला की मी ओट्याजवळ स्टुलावर वाचायला बसायचं, तिसऱ्या शिट्टीला पुस्तक मिटायचं. संपलं नसलं तरी मिटायचं. सुरुवातीला अर्धं पान व्हायचं. चार महिन्यांनी मीच म्हणालो, आज डाळीनंतर भातही वेगळा लाव.

पुढे सायन्स सोडलं, १७ नंबरचा फॉर्म भरून आर्ट्समधून बाहेरून बारावी दिली. सायन्स सुटल्याचं दुःख झालं, आजही थोडं होतं, पण पास झालो आणि पुढे बी.ए. केलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजारही येतो. ४० टक्के किंवा त्याहून जास्तीचं प्रमाणपत्र मिळालं तर परीक्षेत जादा वेळ मागता येतो. 'मुलाच्या कपाळावर शिक्का बसेल' या भीतीने माझ्या वेळी कोणी सरकारी कागदांचं नावही काढलं नाही. तुम्ही निदान डॉक्टरांशी बोलून बघा. मध्येच रात्री-अपरात्री काही वाटलं तर १४४१६ हा टेलिमानसचा, मानसिक आरोग्याच्या मदतीचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

आणि पुढच्या भेटीत जूनबद्दल विचारायच्या आधी डॉक्टरांना हे विचारा: रात्रीची गोळी जरा लवकर देता येईल का, किंवा डोस बदलता येईल का, म्हणजे सकाळी डोकं जड राहणार नाही. स्वतःहून काही बदलू नका. असं विचारता येतं हेच मला माहीत नव्हतं, नाहीतर मी गोळ्या लपवल्या नसत्या.