पडद्यावरचा आकडा

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मैत्रिणीचा भाऊ गेला, काय बोलावं सुचेना, म्हणून पंधरा दिवस तुझं तिच्याकडे जाणंच झालं नाही. आणि वर मला विचारतोस, देव असता तर हे झालं असतं का?

प्रश्न जुनाच आहे. १ नोव्हेंबर १७५५ ला पोर्तुगालच्या लिस्बनमध्ये भूकंप झाला, तो नेमका सर्व संतांच्या सणाला. माणसं चर्चमध्ये होती. प्रार्थनेसाठी लावलेल्या मेणबत्त्यांनीच आगी भडकल्या. त्यातून वाचलेले मोकळ्या जागेसाठी नदीकाठी धावले, तर समुद्र आत घुसला. मालाग्रिदा नावाच्या जेझुइट धर्मोपदेशकाने पुढच्याच वर्षी पुस्तिका काढली : हे तुमच्या पापांचं फळ. मंत्री पोंबालने मात्र ठिकठिकाणच्या धर्मगुरूंना प्रश्नावली धाडली : धक्का किती वेळ टिकला? समुद्र आधी चढला की ओसरला?

मी अर्थातच प्रश्नावलीच्या बाजूचा. पण मालाग्रिदा आपल्यातून गेलेला नाही हो! कुणाला कॅन्सर झाला की आपण पटकन विचारतो, ‘सिगारेट ओढायचे का?’ त्यात काळजी थोडीच असते. त्यांचं काहीतरी चुकलं असेल, तर आपण सुटलो, एवढंच हवं असतं. पापाचं नाव बदललं, इतकंच.

आणि प्रश्नावलीवाल्यांचं म्हणशील, तर माझंच ऐक. वडील आयसीयूत होते तेव्हा चार दिवस मी मॉनिटरकडे बघत बसलो. ऑक्सिजन ९१, ८९, पुन्हा ९२. आकडा चढला की हायसं वाटायचं. स्वतःला नास्तिक म्हणवणाऱ्या माझा तो जपच चालला होता. त्यांचे ओठ सुकून फुटले होते, ते मला दिसलेच नाहीत. सिस्टर आल्या, कापसाचा बोळा ओला करून त्यांच्या ओठांवरून फिरवला आणि पुढच्या कॉटकडे गेल्या. बाबांनी डोळे उघडले, ते त्या गेल्या त्या दिशेला.

त्या देव मानत होत्या की नाही, मी कधी विचारलं नाही.

देवाचं नंतर बघू. आधी तिच्याकडे जा. उशीर का झाला, याची कहाणी सांगत बसू नकोस. बोलायला काहीच सुचलं नाही, तर सिंकमधली भांडी घासून ठेव. बरीच साचली असतील.

तुझा,
काका