मानेच्या अस्थिबंधात साठलेले कॅल्शियम : दुखत नसताना शस्त्रक्रिया कशासाठी?

आपण लिहिले आहे की सासूबाईंचे वय ७१ आहे, मान फारशी दुखत नाही, मात्र हातांना मुंग्या येतात आणि चालताना तोल जातो; सीटी स्कॅनमध्ये मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यांच्या दरम्यान, मागच्या बाजूने, कॅल्शियमच्या दोन गाठी दिसल्या असून डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली आहे. दुखतच नसेल तर कॅल्शियमच्या गोळ्या बंद करून सहा महिने वाट पाहावी, असे घरच्यांचे म्हणणे आहे. मी डॉक्टर नाही. पण माझ्या आईला हाच आजार झाला होता आणि त्याचे निदान होईपर्यंत आमचे सव्वा वर्ष गेले, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी गोळ्यांविषयी. अशा गाठी स्फटिकांच्या बनलेल्या असतात आणि हे स्फटिक बहुधा कॅल्शियम पायरोफॉस्फेटचे असतात. पायरोफॉस्फेट आपल्याच पेशींच्या रोजच्या व्यवहारातून तयार होते आणि वयोमानाने झिजलेल्या कूर्चेत किंवा अस्थिबंधात (हाडांना एकमेकांशी बांधणाऱ्या पट्ट्यात, म्हणजे लिगामेंटमध्ये) ते साचले, की तिथल्या कॅल्शियमशी मिळून त्याचे स्फटिक बनतात. अशा बहुतेक रुग्णांच्या रक्तातले कॅल्शियम अगदी सामान्य असते. त्यामुळे गोळ्या बंद केल्याने गाठ विरघळेल ही आशा धरू नये, आणि हाडांच्या ठिसूळपणासाठी दिलेल्या गोळ्या परस्पर बंदही करू नयेत. रक्तातील कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह आणि पॅराथायरॉइडची (रक्तातले कॅल्शियम सांभाळणाऱ्या गळ्यातल्या ग्रंथींची) तपासणी एकदा करून घ्यावी, कारण काही जणांमध्ये मूळ तिथे सापडते. युरिक ॲसिडचा, ज्यामुळे खरा गाउट होतो, मात्र इथे काही संबंध नाही, जरी सांध्यांत होणाऱ्या याच विकाराला ‘खोटा गाउट’ म्हणत असले तरी.

आता न दुखण्याविषयी. मणक्यांच्या मागच्या कमानी एकमेकींना जोडणारा पिवळा अस्थिबंध मज्जारज्जूच्या अगदी पाठीशी असतो. गाठ तिथे वाढली की रज्जू मागून दाबला जातो, आणि या वयात पुढच्या बाजूने मणक्यांमधली झिजलेली चकती बहुधा आधीच आत सरकलेली असते, म्हणजे बिचारा दोन्हीकडून चिमटीत सापडतो. हा दाब दुखून स्वतःची वर्दी देईलच असे नाही. याउलट, हेच स्फटिक मानेच्या वरून दुसऱ्या मणक्याच्या दातासारख्या सुळक्याभोवती साठले तर मान एकाएकी आखडते, तापही येतो, मेंदूज्वराची शंका घेतली जाते. आणि तो प्रकार बहुधा सूज उतरवणाऱ्या औषधांनी काही दिवसांत शमतो. त्या आजाराचा अनुभव कुणी आपल्याला ‘गोळ्यांनी बरे वाटते’ म्हणून सांगितला, तर तो इथे लागू करू नका.

माझी आई देवापुढच्या वाती स्वतः वळत असे. एके वर्षी श्रावणात तिच्या वाती सैल, वेड्यावाकड्या होऊ लागल्या, कापूस बोटांतून निसटू लागला. आम्ही समजलो, दृष्टी मंदावली. मग ब्लाउजचे हुक लागेनासे झाले. एकदा तर पायातली चप्पल मागे राहिली आणि ती दहा पावले अनवाणी चालत गेली, तिला कळलेच नाही. चालण्यातला दोष गुडघ्यांवर ढकलला गेला. गुडघ्याच्या एक्स-रेमध्ये सांध्याच्या फटीत खडूने ओढल्यासारखी बारीक पांढरी रेघ होती, म्हणजे तेच स्फटिक तिथेही होते. पण त्या रेघेचा आणि हातांचा संबंध कुणी जोडला नाही. पुढे मानेचा एमआरआय झाला, त्यात ‘अस्थिबंध जाड झाला आहे’ एवढेच लिहून आले. एमआरआयमध्ये कॅल्शियमही काळे दिसते आणि जाड झालेला अस्थिबंधही काळाच; गाठ पांढरी, गोलसर अशी स्पष्ट दिसली ती सीटी स्कॅनमध्येच. आपल्याकडे तो आधीच झाला आहे, हे चांगले झाले.

घरी एक गोष्ट करून पाहता येईल. सासूबाईंना मूठ पूर्ण मिटून पूर्ण उघडायला सांगा आणि १० सेकंदांत किती वेळा होते ते मोजा. निरोगी हाताला २० वेळा सहज जमते. आईला ११ वेळा जमले होते, आणि दर खेपेला करंगळी मागे राहत होती. आकडा कमी आला तर तो शल्यविशारदांना सांगा, तारखेसह. आकडा चांगला आला म्हणून मात्र तपासणी टाळू नका.

हात आणि चाल दोन्ही बिघडू लागली असतील, तर सहा महिने थांबण्याच्या बाजूने मला काही बोलता येत नाही. दाब जितका जुना, तितके कमी परत मिळते. शस्त्रक्रिया मानेच्या मागून होते. कमान काढतात किंवा दारासारखी उघडतात आणि खडूच्या लगद्यासारखी गाठ काढून घेतात. आईची चाल सुधारली, हुक लागू लागले, बोटांचा बधिरपणा मात्र आजही थोडा आहे. काही रुग्णांना नंतर काही महिने खांदा उचलायला जड जातो. हे आधीच विचारून ठेवावे, म्हणजे धक्का बसत नाही. काढलेल्या गाठीचा एक तुकडा तपासणीसाठी अल्कोहोलमध्ये पाठवता येईल का, हेही विचारा, कारण फॉर्मलिनमध्ये, म्हणजे नमुने टिकवण्याच्या नेहमीच्या द्रावणात, हे स्फटिक विरघळू शकतात आणि मग अहवालात नुसते ‘कॅल्शियम’ एवढेच येते.

तोपर्यंत मानेला मालीश नको, कडकन मान मोडून घेणे तर मुळीच नको. न्हाणीघरात धरायला दांडी बसवा, रात्री दिवा ठेवा, कारण अशा मानेला साध्या पडण्यानेही हातपायांची ताकद गमावण्याइतकी इजा होऊ शकते. आणि मध्येच दुसऱ्या कुठल्या शस्त्रक्रियेची वेळ आली, तर भूलतज्ज्ञांना हा सीटी स्कॅन आधी दाखवा. श्वासनलिकेत नळी घालताना मान मागे वाकवावी लागते, आणि ती किती वाकवायची हे त्यांना हा स्कॅन पाहून ठरवता येते.