अमेरिकेतील लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाच्या) स्थलांतरित मजुरांना एचआयव्हीचा धोका अधिक का, आणि धर्मश्रद्धा त्यात आड येते का?

धोक्याचे मूळ वंशात किंवा श्रद्धेत नसून जगण्याच्या परिस्थितीत आहे. कॅलिफोर्नियाच्या शेतांत हंगामी कामासाठी आलेला मेक्सिकन मजूर अनेकदा बायकामुलांपासून कित्येक महिने दूर राहतो. आरोग्यविमा नसतो, दवाखान्यात गेल्यास दिवसाची मजुरी बुडते, आणि कागदपत्रे नसतील तर नाव नोंदवण्याचीही धास्ती वाटते, त्यामुळे चाचणी लांबते आणि निदान उशिरा होते. अमेरिकेच्या लोकसंख्येत लॅटिनो सुमारे 19 टक्के असले, तरी 2022 मधील नव्या निदानांत त्यांचा वाटा 30 टक्क्यांहून अधिक होता. अर्थात त्यांत बहुसंख्य समलिंगी संबंध असणारे पुरुष आहेत, सगळे मजूर नव्हेत.

श्रद्धेचे उत्तर एकेरी नाही. कंडोमला असलेला कॅथलिक चर्चचा विरोध आणि समलिंगी संबंधांना पाप मानणारी शिकवण यांमुळे माणूस गप्प बसतो, हे खरे. पण परक्या मुलुखात अनेकांचा विश्वास सरकारी कचेरीपेक्षा पाद्रीवर अधिक असतो, आणि 12 डिसेंबरला ग्वादालुपे मातेच्या (मेक्सिकोत पूजल्या जाणाऱ्या मेरीमातेच्या रूपाच्या) सणाला जमणारी गर्दी आरोग्य शिबिराला क्वचितच लाभते. म्हणूनच स्पॅनिश मिस्सानंतर (चर्चमधील सामुदायिक उपासनेनंतर) चर्चच्या सभागृहात चाचणीचे टेबल मांडणे उपयोगी पडते. एचआयव्हीबाधितांच्या उपचारांना सरकारी निधी देणाऱ्या 1990 च्या रायन व्हाइट कायद्याखालील उपचारांसाठी नागरिकत्वाची अट नाही, ही माहितीही तिथेच सहज देता येते.