'ताज' अरबी की फारसी?
नव्याने व्युत्पत्ती शोधतोयस, तर कोशातल्या एका शेऱ्यावर विसंबू नकोस. आधी शेजारच्या भाषा बघ. आर्मेनियनमध्ये मुकुटाला 'थाग' म्हणतात आणि राजाला 'थागावोर', म्हणजे मुकुटधारी. सिरियॅकमध्ये, म्हणजे अरामी भाषेच्या एका जुन्या रूपात, 'तागा'. दोन्हीकडे जुन्या इराणी भाषेतला 'ग' टिकला आहे. अभिजात अरबीने परक्या 'ग'चा 'ज' केला, आणि तेच रूप पुढे फारसीत परतलं. अरबीतलं 'तीजान' हे अनेकवचन, 'तव्वज' (मुकुट चढवला) हे क्रियापद पाहून नवखे हमखास फसतात, शब्द मूळचा अरबीच मानतात. पण अरबी उसन्या शब्दालाही आपल्या साच्यात ओतते. माझ्या मते असा एकच व्यंजनबदल रूपांच्या लांबलचक यादीपेक्षा मोलाचा पुरावा आहे. मराठीतल्या 'शिरताज'चा माग मात्र फारसीच्या 'सरताज'पासूनच काढ.