सायकलस्वाराला वेगमर्यादा कायद्याने लागू होते का?

भारतापुरते सांगायचे तर, नाही. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 112 मधील वेगमर्यादा ‘मोटार वाहना’साठी आहे आणि पायांनी चालवली जाणारी सायकल त्या व्याख्येत बसत नाही. मात्र म्हणून कात्रजचा घाट उतरताना ब्रेकवरची बोटे काढून भरधाव सुटण्याची मुभा मिळते, असे कृपया समजू नये. वळणावर रस्ता ओलांडणाऱ्या आजींना सायकलची चाहूलही लागत नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम 281 केवळ मोटारींपुरते नाही : सार्वजनिक रस्त्यावर कुणाच्या जिवाला धोका होईल इतक्या बेदरकारपणे कोणतेही वाहन हाकल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, 1000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात, आणि त्यात सायकलही आली.