कामाल्दोलीचा मठ एवढ्या आत जंगलात का बांधला आणि ते जंगल टिकलं कसं?

इटलीत तोस्कानाच्या डोंगरात, कासेंतिनोच्या जंगलात आहे हा. १०१२ च्या सुमारास संत रोमुआल्डला एकांत हवा होता म्हणून त्याने तिथे पाच छोट्या कुटी बांधल्या, आणि खाली तीनेक किमीवर येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी धर्मशाळा, तीच पुढे मोठा मठ झाली. पण खरी गंमत जंगलाची आहे! साधूंनी शेकडो वर्षं फरची झाडं लावली, सरळसोट उंच वाढणारी, लाकूड विकायचे पण तोडलं की परत लावायचे, १५२० च्या छापील नियमावलीत तर झाडं सांभाळायचे नियमच घातले (आपला वनविभाग तेव्हा कुठे होता!). १८६६ मध्ये इटली सरकारने मालमत्ता ताब्यात घेतली, आता ते जंगल नॅशनल पार्कमध्ये येतं, साधू मात्र अजून तिथेच राहतात.